साडेबारा टक्के

गोठिवलीतल्या आमच्या घराला माळा नाही,
म्हणून तिची सीट सोफ्याशेजारी असते.
सीट म्हणजे काय, काळ्या पिशवीत ओतलेला फेस.
ती आत बसली तसा तो फुगला, तापला,
आणि पंधरा मिनिटांत
भाविकाच्या पाठीचा साचा होऊन थिजला.
गाडी टीमची, इंजिन टीमचं,
चाकं उघडी, तीही टीमचीच.
तिची म्हणून एवढीच वस्तू
हंगाम संपल्यावर त्यांनी टेम्पोने परत पाठवली.
आता माझा भाचा ओजस तिच्यात बसून
चिवडा खातो.

नवा हंगाम दोन महिन्यांवर आलाय.
फोन येतात, नाही असं नाही.
पोरगी वेगवान आहे म्हणतात,
ओल्या ट्रॅकवर तर तिला तोड नाही.
मग थोडं थांबतात.
ते थांबणं मला पाठ आहे.
सिडकोच्या ऑफिसात फाइल मिटण्याआधी
बाबू असाच थांबायचा.
‘बजेट किती आणाल?’

आमच्याकडे जागा या शब्दात बरंच मावतं.
बापाचं भातखाचर गेलं, ती जागा.
तिच्या बदल्यात वीस वर्षं चपला झिजवून
साडेबारा टक्क्यांत मिळाली, ती जागा.
आणि तो तुकडा बिल्डरच्या नावावर करून
दोन हंगामांपुरती घेतलेली,
डांबरापासून चार बोटं वर,
कूस बदलायलाही न पुरणारी,
ती जागा.
भावकी म्हणाली, दामू, येडा झालास काय रं.
मी म्हटलं, आपली जमीन आजवर एका जागी पडून होती,
जरा पळू दे की.
बोलताना बरं वाटलं.
रात्री झोप लागली नाही.

पहाटे ती टँकरवर येते, क्लीनरच्या बाजूला बसते.
पाम बीच रोड, पाठीशी दहा हजार लिटर पाणी,
आणि तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या बापाला शिकवते :
बाबा, ब्रेक आधी, वळण नंतर.
पाणी मागून ढकलतंय, त्याचं ऐका.
ऐकतो. खरंच कमी हेलकावतं.
साठचा बोर्ड आला की ती डोळे मिटून घेते.
तळाच्या रबरी मॅटवर तिचा डावा पाय
कोइम्बतूरची वळणं एकेक दाबत जातो.
नेरूळ कधी गेलं तिला कळत नाही.

संध्याकाळी हेल्मेटला पंचा बांधून
तिची आई तो एका बाजूला ओढत बसते, नजर मालिकेवर.
‘मान मोडंल पोरीची,’ म्हणते
आणि आणखी जोरात ओढते.

तिकडे इळंगो म्हणून एक पोरगा आहे,
गेल्या वर्षी हिच्या पुढे सात पॉइंट.
त्यालाही अजून कुणी घेतलेलं नाही.
रात्री दोघं एकमेकांना विचारतात, काय झालं?
दोघंही लिहितात, बोलणी चालू आहेत.
माझ्या देखत तिने ते तीनदा खोडून
तीनदा तसंच लिहिलं.

काल फोन आला. ती ओट्यावर जाऊन बोलली.
हो सर. नाही सर. कळलं सर.
जागा रंगाच्या कंपनीवाल्याच्या मुलाला गेली होती.
मुलगा वाईट नाही, ती म्हणाली,
फक्त ब्रेक फार लवकर मारतो.

मग ओजसला उठवलं. चिवड्याचे कण झाडले.
सीटमध्ये बसली, हलली, अडकली.
‘खांदे वाढलेत बाबा माझे.’
टँकरच्या गंजासाठी आणलेला पॉलिश पेपर घेतला
आणि उकिडवी बसून घासायला लागली,
आधी डावी कड, मग उजवी.
पिवळा भुगा ओट्यावर, तिच्या केसांत,
माझ्या चहात.
मध्येच बसून बघायची, परत घासायची.

कुठल्या गाडीत बसवणार, मी विचारलं नाही.
एक वाजून गेला होता.
चार वाजता रबाळ्याला टँकर भरायचा होता.
मी वायर सैल केली
आणि बल्ब तिच्या हाताजवळ
जरा खाली धरला.